बर्फ आणलास का?

"पट्टी कोरीच! अँटिबॉडी म्हणजे काय घरी घालायचं लोणचं आहे?" असं म्हणत देवस्थळी सर शेजारच्या आपल्या प्रयोगशाळेत निघून गेले.

शलाकाचा चेहरा उतरला. हिस्टोन हे प्रथिन शोधणारी अँटिबॉडी तिने वर्षभर ससे सांभाळून, त्यांच्या रक्तातून स्वतः तयार केली होती. पेशीतली प्रथिनं उतरवलेल्या पट्टीवर ती लावली, की हिस्टोनच्या जागी काळी रेघ उमटायला हवी होती. आजवर सरांकडची परदेशी अँटिबॉडी मागून आणावी लागे. ती गार राहायला हवी, म्हणून सर दरवेळी दारातच दरडावत, "बर्फ आणलास का?"

तिने सरांचीच उरलेली अँटिबॉडी तशाच दुसऱ्या पट्टीवर लावून पाहिली. तीही कोरी! म्हणजे दोष अँटिबॉडीचा नव्हताच. पट्टीवर उतरवण्याआधी प्रथिनं विजेच्या जोरावर जेलमधून सरकवून वेगळी करतात; उत्साहाच्या भरात तिनेच ते जेल जास्त वेळ चालू ठेवलं होतं आणि चिमुकलं हिस्टोन त्यातून केव्हाच खाली वाहून गेलं होतं.

तिने दोन्ही पट्ट्या नव्याने केल्या. परदेशी अँटिबॉडीने हिस्टोनबरोबर दोन-चार भलत्याच रेघा दाखवल्या. शलाकाच्या अँटिबॉडीने एकच दाखवली, हिस्टोनची, काळीभोर.

सोमवारी सर तिच्या दारात उभे. "थोडी देतेस का गं?"

शलाकाला काही विचारावंच लागलं नाही. बर्फाचा डबा सरांनी आपणहून पुढे केला होता.