भरला तांब्या

माहेराहून परतलेल्या सुनेनं खिडकीतल्या पेपरोमियाला हात लावला, तर खोडच हातात आलं. मुळं पार कुजली होती.

“आई, रोज पाणी घातलंत? माती सुकल्याशिवाय नको म्हटलं होतं ना!”

“पानं मलूल दिसली गं. तुझं लाडकं झाड, वाटलं तहानलंय,” सासूबाई पुटपुटल्या.

“कळत नाही तर हात कशाला लावता?”

राग उतरल्यावर तिनं उरलेलं एक धड पान नव्या मातीत खोचलं. त्यातूनही रोप येतं. सासूबाईंशी दोन शब्द बोलायचे मात्र राहून गेले.

सकाळी ती चहा गाळत होती. आंघोळ झाली की थेट बाल्कनीत जाणाऱ्या सासूबाई आज भरला तांब्या घेऊन स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या.

“तुळशीला,” त्यांनी चाचरत विचारलं, “घालू ना पाणी?”