काडीचा डोळा

श्रावण सरत आला तरी नर्सरीत जास्वंदीची कलमं लावून झाली नव्हती. दृष्टी गेल्यापासून सोपानराव खोलीबाहेर येतच नव्हते. आज त्यांच्या बायकोनं, हौसाबाईंनी, छाटलेल्या काड्या, मुळं फुटायची पावडर आणि मातीच्या पिशव्या खाटेपाशीच आणून मांडल्या.

"मला वरचं-खालचं टोक कसं दिसणार?" ते चिडले. "उलटी खोचली तर काडी कुजते."

"छाटताना माझ्याकडून सगळ्या मिसळल्यात. तुम्हीच सांगा."

कुरकुरतच त्यांनी एक काडी उचलली. अंगठा सालीवरून सरकत गेला आणि एका बारीक उंचवट्यावर थांबला. त्यांनी हौसाबाईंचं बोट धरून तिथं टेकवलं. "हा डोळा. काडी तोडली तरी वरच बघतो. खालचं टोक पावडरीत बुडवायचं."

तीस वर्षं स्वतःच्या हातानं कलमं लावत आलेल्या हौसाबाई म्हणाल्या, "अहो, परत एकदा दाखवा की."