तीन हिरवे ठिपके

पिस्तुलावरचे तीन हिरवे ठिपके चमकत होते, आणि त्यांच्याहून जास्त चमकत होता समीर. बाकावर ठेवलेलं रिकामं पिस्तूल रेंज ऑफिसर ग्रॅहमनं दोनदा तपासून दिलं होतं. समीरनं आपलं जॅकेट त्याच्यावर तंबूसारखं धरलं आणि सासूबाईंना आत डोकवायला लावलं.

"बघा ना आई! आहे की नाही लख्ख?"

"अगंबाई! खरंच की," विनयाताई म्हणाल्या.

अधिक महिना चालू होता. या महिन्यात सासूनं जावयाला दिवा द्यायचा असतो. हा बहाद्दर उलट सासूलाच उजेड घेऊन आला होता. तीन आठवडे व्हिडिओ पाहून त्यानं ती हिरव्या ठिपक्यांची साइट अमेरिकेतून मागवली होती आणि मागच्या शनिवारी ग्रॅहमकडून बसवून घेतली होती. असा जावई शोधून सापडायचा नाही, हे कुणीही कबूल करावं.

साइट म्हणजे नेम धरायच्या खुणा. नळीच्या टोकाला एक खूण, मागे एक खाच. पुढची खूण खाचेत मधोमध बसली की गोळी जागेवर जाते. उजेड कमी झाला की काळी खूण काळ्या निशाण्यात विरघळते, आणि अठ्ठावन्न वर्षांचे डोळे तिला शोधत बसतात. आज न्यूझीलंडमधल्या लोअर हटच्या या नेमबाजी क्लबात मंद उजेडातल्या दहा गोळ्या होत्या. शंभरात पंच्याऐंशी मिळाले तर विनयाताई क्राइस्टचर्चच्या स्पर्धेला जाणाऱ्या चौघांत. नाहीतर यंदाही राखीव, गेली सहा वर्षं होत्या तशाच.

ग्रॅहमनं दिवे मंद केले. "सरावाला वीस मिनिटं, विनया."

समीर मोठ्या अपेक्षेनं बघत होता. विनयाताईंनी हिरव्या ठिपक्यांचं पिस्तूल उचललं, नेम धरला आणि खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "समीर, एक काम कराल? आमच्या फार्मसीत एकीनं औषध काढायचं आणि दुसरीनं तपासायचं. काढणारीनं स्वतःचं स्वतःच पास करायचं नाही. आज तुम्ही तपासा."

"म्हणजे काय करू?"

"क्लबाची आणखी दोन पिस्तुलं आहेत. एकावर लाल खूण आहे. दुसरं साधंच, पुढे एक पांढरा ठिपका, मागच्या खाचेवर ठिपके नाहीत. मी डोळे मिटते. ग्रॅहम हवं ते हातात देईल, रिकामंच. डोळे उघडल्यावर खूण पटकन सापडली तर मी हो म्हणेन, नाहीतर नाही. प्रत्येकाला चार वेळा. तुम्ही लिहा."

"पण आई, सरावाची वेळ जाईल ना!"

"जाऊ दे हो."

समीर सॉफ्टवेअर तपासायचं काम करतो. असलं काही म्हटलं की त्याला राहवत नाही. त्यानं पाकिटाच्या पाठीवर तीन रकाने पाडले.

हो. नाही. नाही. हो. बाई डोळे मिटून हात पुढे करायच्या, उघडून नेम धरायच्या आणि खरं तेच सांगायच्या. हिरव्याच्या वेळी एकदा त्या पुटपुटल्या, "तिन्ही सारखेच दिसतात. मधला कुठला ते शोधावं लागतं." बाकी अवाक्षर काढलं नाही. जावयाकडे बघितलंसुद्धा नाही.

समीरनं मोजलं. मग परत मोजलं. लाल, चारात दोन. पांढरा, चारात चार. हिरवा, चारात एक.

वाईट वाटलंच त्याला, का नाही वाटणार? पण पोरगा प्रामाणिक. "आई, माझी साइट मिट्ट काळोखात भारी आहे. इथे थोडा उजेड आहे. आज तुम्ही तो पांढरा ठिपकाच घ्या."

"असं म्हणता?" विनयाताईंनी चष्मा पुसला. "बरं. तुम्ही तपासलंय म्हटल्यावर प्रश्नच नाही."

"टाइम!" ग्रॅहम ओरडला. सरावाची एकही गोळी न झाडता विनयाताई उभ्या राहिल्या. पाय रोवले, श्वास सोडला. घाई नाही, गडबड नाही. प्रत्येक गोळीनंतर तेवढाच वेळ आणि हात तसाच स्थिर. समीर काचेमागे श्वास रोखून उभा होता. सासूबाईंना त्यानं आजवर पोळ्या लाटताना आणि बीपीच्या गोळ्यांवरून त्याला रागावताना पाहिलं होतं. हे रूप पहिल्यांदाच बघत होता. काय बाई आहे, असं त्याच्या मनात आलं आणि ऊर भरून आला.

एकोणनव्वद.

"स्वीट ॲज!" म्हणजे इकडचं 'झकास'. ग्रॅहमनं क्लबाच्या वहीत चौथ्या जागी विनयाताईंचं नाव लिहिलं आणि वही समीरपुढे सरकवली. "पण तुझ्या त्या तपासणीत सगळा सराव घालवला बघ तिनं. मला काही कळलं नाही."

"का? पिस्तूल तर त्यामुळेच ठरलं ना?"

"ठरलं? पांढऱ्या ठिपक्याचं पिस्तूल तिनं मागच्या शनिवारीच आजच्यासाठी मागून ठेवलंय."

समीरनं वहीत पाहिलं. पांढऱ्या ठिपक्याच्या पिस्तुलापुढे मागच्या शनिवारची तारीख, आणि खाली विनयाताईंची सही.

काचेचं दार उघडून त्या बाहेर आल्या. कानांवरचे आवाज अडवणारे मफ काढत म्हणाल्या, "झालं बाई एकदाचं! काय म्हणत होता हो ग्रॅहम?"

समीरनं वही मिटली.

"काही नाही, आई. म्हणाला, जावई तपासायला चांगला आहे."