हातमोज्यांखालचा संगणक

कॉफीचा दुसरा कप संपला तरी रीक्का मूळ विषयाला हात घालत नव्हती.

समोर वेइयो बसला होता. सत्तरी ओलांडलेला, तळ्याकाठच्या या लाकडी घरात राहून चाळीस वर्षं पाण्याची पातळी नोंदवणारा. त्या नोंदी ठेवणारा प्रोग्राम रीक्काचा; ती तो फावल्या वेळात, फुकट सांभाळायची. त्यात काही नवं घातलं की ते पायथन या संगणकी भाषेच्या जुन्या आवृत्तीवरही चालावं म्हणून तिचे रविवारच्या रविवार जात. का, तर तिच्या माहितीत एकच माणूस अजून त्या जुन्या पायथनवर अडून होता. हा. तिने नवं काही पाठवलं की त्याचं एका शब्दाचं उत्तर येई : "चालतंय." सहा वर्षांत त्याहून जास्त दोघं बोलले नव्हते. फिनलंडमध्ये याला चांगली ओळख म्हणतात.

पण आता तिच्याच्याने होत नव्हतं. हे लिहून कळवणं जिवावर आलं, म्हणून वेलदोड्याचे गोड पाव घेऊन ती तांपेरे शहराहून तीन तास गाडी चालवत आली होती.

"वेइयो," ती एकदाची म्हणाली, "यापुढे जुन्या पायथनवर आपला प्रोग्राम चालणार नाही. मी ते बंद करतेय. तुमच्या नोंदी अडतील, ठाऊक आहे मला. नव्यावर न्यायला मदत करीन, हवं तर इथे राहून. पण मला आता खरंच झेपत नाही हो."

वेइयोने हातातला पाव खाली ठेवला.

"माझ्या नोंदी नव्यावरच आहेत," तो म्हणाला. "चार वर्षं झाली."

"मग ते 'चालतंय' काय होतं?"

त्याने कोपऱ्याकडे बोट केलं. पिवळा पडलेला एक संगणक तिथे घरघरत होता. त्यावर लोकरीचे हातमोजे वाळत घातले होते.

"तो जुन्या पायथनचा, फक्त तुझ्यासाठी ठेवलाय. म्हटलं, पोरगी एवढी मरमर करून जुनं सांभाळतेय, तर लागत असेल कुणाला तरी. तपासून द्यायला कुणी नको? दोनदा पंखा बदलला मी त्याचा."

"अहो, मी तुमच्यासाठी सांभाळत होते!"

"मग विचारायचंस की."

"तुम्ही सांगायचंत की!"

आधी तिला हसू फुटलं, मग त्यालाही. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. गेले ते रविवार गेले, पण पुढचे सगळे तिचे होते. इतकं हलकं तिला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

ती उठली, कोपऱ्यात गेली आणि न विचारताच वायर ओढून काढली. घरघर थांबली.

वेइयो मागोमाग आला. त्याने हातमोजे उचलून चाचपले.

"सहा वर्षं थांबलीस," तो म्हणाला, "अजून दहा मिनिटं थांबली असतीस, तर हे तरी वाळले असते."