शेवटचा शब्द रिकामा

"टोपी नाही, आजोबा. परत." बाईंनी टेबलावर बोटांनी ठेका धरला. "गाडी आली, गाडी गेली, बाकावरती राहिली..."

खुर्चीतला म्हातारा विचारात पडला. "चप्पल?"

"चप्पल बाकावर ठेवता का तुम्ही?"

दारात उभ्या डॉक्टरांना हसू आलं. बाईंना नाही. मघाशीच कॉरिडॉरमध्ये डॉक्टरांचं फोनवरचं बोलणं त्यांच्या कानावर पडलं होतं: आज गाण्याला प्रतिसाद मिळाला नाही, तर वरच्या मजल्यावर हलवायचं. वर म्हणजे दाराला बाहेरून कडी आणि गाणंबिणं बंद. बाईंच्या हाताखालचा एकही पेशंट आजवर वर गेला नव्हता. हा तर मुळीच जाऊ द्यायचा नव्हता. का कोण जाणे, हा म्हातारा त्यांना आवडायचा.

विसरणाऱ्या माणसाला प्रश्न विचारायचा नाही, ही बाईंची पद्धत. 'आठवतंय का?' म्हटलं की माणूस बिचकतो. त्यापेक्षा ओळ गायची आणि शेवटचा शब्द रिकामा सोडायचा. चालच त्याला हात धरून तिथवर नेते.

"पायानं ठेका द्या. झोपल्यासारखा नको, जिवंत माणसाचा द्या."

"फार कडक आहात, बाई."

"लाडानं कुणी गायला शिकलंय का? ऐका नीट."

बाईंनी पट्टी खाली घेतली, लय जरा संथ केली. पाठ ताठ, आवाज खणखणीत. तिन्ही कडवी एक शब्द न चुकता गायल्या आणि परत पहिल्या ओळीवर आल्या. "...बाकावरती राहिली..."

म्हाताऱ्याचा पाय ठेक्यात हलत होता.

"छत्री," तो म्हणाला. अगदी सुरात.

बाईंनी डॉक्टरांकडे मान वळवली. "बघितलंत? आता हलवून दाखवा वर."

"माझी काय बिशाद," डॉक्टर म्हणाले. "कुणीही कुठंही जात नाही."

बाई ऐटीत खिडकीशी गेल्या आणि बाहेर बघत तेच गाणं गुणगुणू लागल्या.

डॉक्टर म्हाताऱ्याच्या कानाशी वाकले. "तिन्ही कडवी, काका. सकाळी स्वतःचं नावसुद्धा सांगता येत नव्हतं त्यांना."

म्हाताऱ्यानं चष्मा काढून डोळे पुसले.

"उद्या जरा कमी विसरतो मी," तो म्हणाला. "आज फार बोलणी खाल्ली बायकोची."