बांगड्याचे काटे

“साक्षीदार म्हणून येईन, पण तुमचं तर लग्न झालंय ना?” खोलीवाल्या काकूंनी विचारलं. खोली मिळावी म्हणून तसं मीच सांगितलं होतं.

काकू हसल्या. “पहिल्याच जेवणात ओळखलं. तू हिला बांगड्याचे काटे काढून देत होतास. नवरे देत नाहीत.”

आईवडिलांना सांगायची आमची छाती नव्हती. पण सकाळी किनाऱ्यावर केतकी म्हणाली, “आजच करून टाकू,” आणि मी शूरासारखा हो म्हणालो. देवळात मात्र मंगळसूत्राचा फासा मला काही लागेना, शेवटी तो काकूंनीच लावला.

दुपारी कडकडून भूक लागली होती. अर्धा बांगडा पोटात गेल्यावर लक्षात आलं, केतकी ताटासमोर नुसती वाट बघत बसलीये.

“आता लागलं लग्न,” सोलकढी वाढत काकू म्हणाल्या.