टेंगूळ

दुधालाही न शिवणाऱ्या व्हीगन मंडळींसाठी ती डोंगरातल्या सहली काढायची. हृदयाच्या शस्त्रक्रियेतून उठलेले बाबा या वेळी पहिल्यांदाच सोबत आले होते.

“पाला खायला घालून डोंगर चढवतेस, बाप आहे की बोकड?” म्हणत त्यांनी सगळ्यांना हसवलं. उतारावर पाय घसरून डोकं दगडावर आपटलं, तेव्हाही “दगडाला लागलं का बघा आधी!” म्हणाले. रक्ताचा थेंब नव्हता, नुसतं टेंगूळ. सगळे पुढे निघाले.

पायथ्याशी पोहोचेपर्यंत त्यांची जीभ जड झाली, मग शुद्धच हरपली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारून तिला विचारलं, “रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत?”

“हो. हृदयात धातूची झडप आहे, रोज घ्याव्याच लागतात.”

“म्हणूनच डोक्यात आतल्या आत रक्त साचत चाललंय. या वयात वासराच्या ऊतींची झडप बसवतात, तिला आयुष्यभर गोळ्या लागत नाहीत. तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं?”

 

“सांगितलं होतं,” ती म्हणाली. “मीच बाबांना शपथ घातली, वासराचा जीव जायला नको म्हणून.”